मिल सुरू होण्याआधीची हवा

सौ. सुलोचनाबाई मेश्राम यांची आणि माझी पहिली ओळख भिंतीआडून झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी एका नागपुरी दैनिकाचा वार्ताहर म्हणून तुमसरला बिऱ्हाड केले. खोलीला एक सामाईक भिंत होती आणि तिच्यापलीकडे दररोज पहाटे कोणीतरी खोकत असे. त्या वेळी मला नुकताच डोळा लागलेला असे. बातम्यांचे पाकीट शेवटच्या एस.टी.ने रवाना करून, बसस्थानकावरच्या मंडळींशी देशाच्या भवितव्याची चर्चा उरकून मी घरी येई, तो काही सज्जनांच्या निजण्याचा काळ नसे. आठवडाभर सोसल्यावर मी एका सकाळी, म्हणजे माझ्या सकाळी, शेजारी तक्रार करायला गेलो.

दार बाईंनी उघडले. मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत, हे मला ठाऊक होते. त्यांनी माझे म्हणणे पुरते ऐकून घेतले, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीच आलात. तुमच्या घोरण्याबद्दल मी येणारच होते. मला निदान औषध तरी चालू आहे."

मेश्राम बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या अध्यापनावर आणि समाजकार्यावर माझ्याहून अधिकारी मंडळी लिहीत आहेत. माझा अधिकार शेजाऱ्याचा. तरीही, बाईंनी तुमसरला पहाटे उठायला कसे शिकवले, हे जवळून पाहिलेला आणि त्यात सर्वांत जास्त श्रम ज्याच्यावर खर्ची पडले असा विद्यार्थी मीच असल्यामुळे समितीने मला बोलावले असावे.

तुमसरच्या वाचकांना राइस मिल म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढेच की हंगामात आमच्या गावावर कोंड्याची एक पिवळसर साय धरते. ती दोरीवरच्या कपड्यांवर असते, दह्यावर असते आणि माणसांच्या छातीतही असते. बाईंचा दमा जुनाच होता. ज्या वर्षी मी शेजारी आलो त्या वर्षी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हवा बदला, नाहीतर पुढच्या हंगामात मला बोलावू नका. शाळेच्या संस्थेने सहानुभूतीने अमरावतीकडच्या आपल्या दुसऱ्या शाळेत जागा देऊ केली. उत्तर संक्रांतीपर्यंत हवे होते.

यात बाईंचे काय जाणार होते, ते सांगतो. यजमान मेश्राम साहेब तुमसर रोड स्टेशनवर नोकरीला. त्यांची बदली होण्याचे चिन्ह नव्हते. म्हणजे संसार दोन गावी झाला असता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बपेऱ्याकडच्या खेड्यांतल्या मुली. तिकडे सातवीनंतर मुली घरी बसत. बाई दर उन्हाळ्यात एस.टी.ने त्या भागात जात, एकेका घरच्या ओसरीवर ठाण मांडत आणि मुलगी हायस्कूलला घातल्याशिवाय उठत नसत. एकदा बातमीच्या आशेने मी सोबत गेलो होतो. एका शेतकऱ्याने विचारले, "शिकून काय करन जी पोरगी?" बाई म्हणाल्या, "ते तिचं ती ठरवेल. तुम्ही तिला फक्त बसमध्ये बसवून द्या, उतरवून घ्यायला मी उभी राहते." जूनमध्ये त्या खरोखर बसस्थानकावर उभ्या होत्या. बाई अमरावतीला गेल्या तर त्या बसमधून कोण उतरणार आणि कोण उतरवून घेणार, हा प्रश्न होता.

तेव्हा बाईंनी गणिती माणसासारखा विचार केला. गावातली हवा वाईट केव्हा असते? मिल चालू असताना. मिल बंद केव्हा असते? रात्री उशिरापासून सकाळपर्यंत. रात्रभराच्या दवाने धूळ खाली बसते, म्हणजे पहाटेचा तेवढा वेळ तुमसरची हवा कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणाच्या तोडीची. ती हवा छातीत नीट भरून घ्यायला शिकायचे आणि दिवस काढायचा. भंडाऱ्याला सुट्टीतल्या एका शिबिरात त्यांनी आसने आणि प्राणायाम शिकून घेतला होता. योगाच्या पुस्तकातले संस्कृत समजून घ्यायला मात्र कोणी हवे होते, आणि शेजारी एक संस्कृत पाठशाळेत घडलेला माणूस फुकट घोरत होता.

मी आनंदाने होकार दिला. दुपारी चारची वेळही सुचवली.

"पहाटे," बाई म्हणाल्या.

पाठशाळेत ब्राह्ममुहूर्ताची व्याख्या मला मुखोद्गत होती. तो मुहूर्त गुरुजींच्या छडीच्या साक्षीने अनेकदा पाहिलाही होता, आणि पाठशाळा सोडण्याच्या कारणांत त्याचा क्रमांक वरचा होता. बाईंनी आधी भिंतीवर ठोकून पाहिले. चार दिवसांत मला ठोकण्यासकट झोपायची सवय झाली. मग मेश्राम साहेबांनी गजराचे घड्याळ आणून दिले. ते गोधडीखाली सुखाने वाजत राही. तेव्हा बाईंनी जे केले ते त्यांच्या अध्यापनकौशल्याचे उदाहरण म्हणून नमूद करतो. त्या भिंतीला लागून बसत आणि पुस्तकातले संस्कृत मोठ्याने वाचत, इतके अशुद्ध की ऐकणाऱ्याच्या मस्तकात कळ जावी. पहिल्या दिवशी मी कानावर उशी घेतली. दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच ओरडून उच्चार सुधारला. तिसऱ्या दिवशी उठून त्यांच्या अंगणात जाऊन सुधारला. आणि एकदा अंगणात उभा राहिलेला माणूस परत झोपायला जात नाही, हे बाईंना ठाऊक होते. वर्षभराने कळले की मॅट्रिकला बाईंचा संस्कृत विषय होता आणि त्यात त्या शाळेत पहिल्या आल्या होत्या. याचा जाब विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पंडितजी, तुम्हाला बरोबर वाचून कोण उठवणार होतं?"

आणखी काही मंडळी यायला लागल्यावर अंगण पुरेना. जवळच्या मिलच्या शेठजींकडे धान वाळवायचे सिमेंटचे प्रशस्त पटांगण होते. उसना तांदूळ करण्यासाठी उकडलेले धान तिथे सूर्य वर आला की पसरत. त्याआधी ते मोकळेच. शेठजींना कंबरदुखी होती, त्यामुळे त्यांना योगाविषयी आदर होता. त्यांनी एकच अट घातली की धानाची पाटी आली की माणसांनी उठायचे. पृथ्वीतलावर योगवर्गाची वेळ धानाने ठरवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. त्या पटांगणावर सगळ्या मोहल्ल्यांतले लोक होते. बाई बौद्ध, आणि काहींच्या मनात अजून जुन्या रेघा होत्या. वर्ग पहिल्यांदा नीट भरला त्या पहाटे सतरंज्यांच्या दोन रांगा पडल्या आणि मधली एक सतरंजी आपोआप रिकामी राहिली. कोणी कोणाला काही बोलले नव्हते. बाईंनी पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि नेमक्या त्या सतरंजीवर बसून म्हणाल्या, "श्वास घ्या." आता श्वास घेताना माणसाला सरकून बसता येत नाही. बाईंच्या मोहल्ल्यातही कुरबुर होतीच, की ऋषिमुनींचे हे खूळ आपल्या घरात कशाला. त्यांना बाई सांगत, "विहारात आपण श्वास पाहायला शिकलो, पंडितजींच्या पाठशाळेत तो मोजायला शिकवतात. माझ्या छातीला दोन्ही लागतं."

पुरुषांची अडचण उठण्याची होती. बायकांची तशी नव्हती. त्या आमच्या कितीतरी आधी उठलेल्या असत. त्यांची अडचण काय होती, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले, आणि ते फार महागात पडले असते.

रुक्माबाई म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या एक शेतकरी गृहिणी होत्या. वयाने बाईंहून थोड्या मोठ्या, गल्लीतल्या बायकांत त्यांचा शब्द चाले. बाईंवर त्यांचा जीव, कारण त्यांच्या मुलीला बाईंनी गणितातून पार केले होते. पहिल्या दिवशी पहाटे रुक्माबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या त्या झाडू आणि बादल्या घेऊनच. बाई बसणार ती जागा साफ नको का? आम्ही पोचलो तेव्हा पटांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडणे चालले होते. मागून सडा येत होता, आणि एक सूनबाई दारात रांगोळी घालत होत्या. रात्रभर दवाने बसलेला कोंडा पुन्हा उठून कंदिलाच्या उजेडात तरंगत होता.

बाई मधोमध उभ्या होत्या. त्यांनी हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला, पण शब्द बाहेर येईना. मग त्या खाली बसल्या. त्यांचा तो श्वास मी भिंतीआडून अनेकदा ऐकला होता, समोर कधी पाहिला नव्हता. मेश्राम साहेबांनी गोळी दिली, पाठ धरली, आणि बऱ्याच वेळाने बाईंचे ओठ पुन्हा माणसाच्या रंगाचे झाले. तोवर धानाची पाटी आली होती. सडा झाला, रांगोळी झाली, योग राहिला. शेठजी हात जोडून म्हणाले, "बाई, इथं काही झालं तर गाव मला ठेवणार नाही. आपण हे बंद करू."

"उद्याचा एक दिवस द्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या पहाटे रुक्माबाई आल्या नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून गल्लीतले कोणीच नाही. बाई मला घेऊन त्यांच्या दारात गेल्या. रुक्माबाई चूल सारवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नाई येत, बाई. माह्यामुळं तुमाले त्रास झाला."

"झाला. म्हणून तर न्यायला आले."

"इतं काम किती पडलं आहे, पाहा ना. सडा, पानी, गोठा. काम उरकलं का येतो."

"काम कधी उरकतं?"

रुक्माबाईंनी हातातले पोतेरे थांबवून प्रामाणिकपणे विचार केला. "तसं त उरकत नाई."

"मग आधी या. नंतर करा."

"मले रिकामं बसाले जमत नाई, बाई. हात वळवळ करते."

"ते मांडीवर ठेवायचे. तेवढंच शिकायचं आहे."

रुक्माबाईंनी माझ्याकडे पाहिले. "मंग हे पंडितजी कसे काय शिकले?"

"त्यांना ते आधीपासूनच येत होतं," बाई म्हणाल्या.

रुक्माबाई हसल्या, आणि हसल्यावर हात धुवावेच लागले. जाताजाता मात्र उंबऱ्यावर अडल्या. "घरधनी उठन आन चहा मागन."

"एक दिवस उशिरा मिळाला तर काय होतं ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आठवणीने विचारले, "काय झालं?"

"काई नाई. त्यायनंच मांडला," रुक्माबाई म्हणाल्या. "लय गोड केला." त्यांच्या आवाजात तक्रार होती की नवल, ते मला ठरवता आले नाही. पण त्या दिवसापासून झाडू घरी राहिले, आणि शेठजींनीही बंदचा विषय पुन्हा काढला नाही.

आम्ही पुरुष पहाटे उठलो याचे कौतुक आमच्या घरोघरी झाले. माझ्या थोरल्या बहिणीने तर पेढे पाठवले. त्या बायका जन्मभर पहाटे उठत आल्या होत्या, त्याची दखल कोणी घेतली नव्हती. आणि त्यांना जे शिकावे लागले ते आमच्याहून कितीतरी अवघड होते. उठायचे, आणि कोणासाठीही काही करायचे नाही. बाईंनी मला हे कधी बोलून दाखवले नाही. त्या भाषण करणाऱ्यांतल्या नव्हेतच. त्या एखादी सतरंजी अंथरतात आणि तुम्हाला तिच्यावर बसवतात.

दिवाळी झाली, नवे धान आले. बाजारात बैलगाड्यांची रांग लागली आणि शेठजींनी मिल पहाटेच सुरू करायचे ठरवले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. हंगाम कोणासाठी थांबत नाही. बाईंनी वर्ग आणखी अलीकडे ओढला. थंडीने पुरुषांची संख्या झपाट्याने घटली. मी टिकलो, याची समितीने कुठेतरी नोंद घ्यावी. बायकांतली मात्र एकही कमी झाली नाही. त्या शाली गुंडाळून येत, अंधारात बसत आणि हात मांडीवर ठेवत. हाच तो हंगाम होता ज्याविषयी डॉक्टरांनी बजावले होते. संस्थेला अजून उत्तर गेले नव्हते. बाई तो विषय काढत नसत आणि आम्हीही नाही, पण त्या पहाटे येताना दिसल्या की प्रत्येकजण आधी त्यांच्या चालीकडे पाही.

संक्रांतीच्या आधीच्या एका पहाटे बाई आल्याच नाहीत.

आम्ही वाट पाहिली. मिलकडे कामगार जमू लागले होते. मला वाटले, आता मंडळी पांगतील. रुक्माबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चाला, बाईच्या घरी जाऊ." सतरंज्या काखोटीला मारून सगळी रांग निघाली. मागून मी.

मेश्राम साहेब रात्रपाळीला होते. बाई खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या होत्या. गोळी घेतल्याचे त्यांनी खुणेने सांगितले. मी गावातल्या डॉक्टरांना आणायला निघालो, तर त्यांनी नको न म्हणता मान हलवली, जा म्हणून. इतकी वेळ त्यांच्यावर पूर्वी आली नव्हती. डॉक्टरांचे घर जवळच होते. मी त्यांना घेऊन परत आलो तेव्हा अंगणात जे पाहिले ते मी कोणत्याही बातमीपत्रात लिहिले नाही, म्हणून इथे लिहितो.

अंगण झाडलेले नव्हते. चूल पेटलेली नव्हती. पाण्याचा हंडा रिकामा होता. झाडू कोपऱ्यात उभा होता आणि रुक्माबाईंची नजर दोनदा तिकडे गेलेली मी पाहिली. पण सगळ्या बायका बाईंच्या खाटेसमोर रांगेत बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि मोठ्याने, सावकाश श्वास घेत होत्या. लांब सोडायचा, थांबायचे, हळूच घ्यायचा, अगदी बाईंनी शिकवला तसा. रुक्माबाई म्हणत होत्या, "तुमी शिकवू नका आज, बाई. आमी करून राहिलो ना. तुमी आमच्या संगं या नुसत्या."

बाईंचा श्वास आधी त्यांच्यापासून फार लांब होता, तुटक आणि घाईचा. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि त्यांनीही नकळत तिथेच बैठक मारली. पलीकडे मिलचे पट्टे सुरू झाल्याचा आवाज आला. उजाडत गेले तसा बाईंचा श्वास लांब होत त्या रांगेच्या जवळ येत गेला, आणि एका क्षणी तो कुठे त्यांच्यात मिसळला ते मला वेगळे ऐकू येईना. इंजेक्शनाचे श्रेय इंजेक्शनाला. उरलेले कोणाचे, हे मी डॉक्टरांनाही विचारले नाही.

बरे वाटल्यावर बाईंनी पहिले वाक्य उच्चारले ते रुक्माबाईंना. "तुमचा सोडतानाचा श्वास अजून आखूड आहे."

"उद्या पाहू, बाई," रुक्माबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात बाईंनी संस्थेला नकार कळवला. नंतर त्या तपासणीसाठी भंडाऱ्याला गेल्या तेव्हा जिल्हा कचेरीत काम असल्यामुळे मीही सोबत होतो. डॉक्टरांनी छाती बराच वेळ ऐकली.

"बरी आहे. कुठल्या गावी गेला होतात?"

"तुमसरलाच होते."

"मी हवा बदला म्हणालो होतो."

"बदलली की. गाव तेच ठेवलं, वेळ बदलली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि औषध चालू ठेवायला सांगितले. बाई ते आजही चालू ठेवतात. दमा गेलेला नाही. त्याला बाईंच्या वेळापत्रकाप्रमाणे वागण्याची सवय झाली आहे, आणि त्यांच्या बहुतेक विद्यार्थिनींचेही असेच झाले.

पुढची हकीगत वाचकांना माहीत आहे. बाई त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. बपेऱ्याच्या बसमधून उतरलेल्या मुलींपैकी एक आज त्याच शाळेत गणित शिकवते. मला टायफॉइड झाला तेव्हा माझी बातमीपत्रे महिनाभर बाईंनीच लिहून पाठवली, माझ्या नावावर, मला न विचारता. संपादकांनी मला कळवले की अलीकडे तुमच्या लेखनात अनावश्यक शब्द कमी झाले आहेत. त्याबद्दल मी बाईंचे आभार मानतो, जरी या लेखात ती सुधारणा दिसत नसली तरी.

निवृत्तीनंतर त्यांचे चिरंजीव त्यांना नागपुरास न्यायला दर हंगामाआधी येतात. तिकडे झाडे आहेत, मिल नाहीत. बाई त्यांना जेवू घालून परत पाठवतात. हा लेख लिहिण्याआधी मी रुक्माबाईंना विचारले की बाईंविषयी काय लिहू. त्या आता थकल्या आहेत, पण पटांगणावर पहिल्या रांगेत असतात. त्या म्हणाल्या, "लिवा का बाईनं आमाले बसाले शिकवलं." मग वाटले असावे की एवढ्याने कोणाला समजणार नाही, म्हणून पुढे म्हणाल्या, "आन आमी त्यायले जाऊ नाई देल्लं."

माझ्या सर्व समासप्रचुर शिक्षणातून याहून नेमके मानपत्र मला रचता आले नसते. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या मेश्राम बाईंना पुढची चाळीसही याच गावात, याच माणसांत लाभोत. येणाऱ्या प्रत्येक हंगामात त्यांची छाती मोकळी राहो, त्यांचा प्रत्येक श्वास पुरता घेतलेला आणि सावकाश सोडलेला असो. आणि एखाद्या पहाटे तो थोडा कमी पडलाच, तर तो पुरा करायला आम्ही सगळे उठलेले असू.